सतरा नंबरची काच

नांदूरघाटजवळून,
२ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,

धनूचा नमस्कार. मामीला वाकून, तुम्हाला उभ्याउभ्याच, कारण तुम्ही फोन उचलत नाही. महिन्यात अकरा वेळा केला. आई म्हणाली, "तुझ्या मामाला पत्र टाक, तो जुन्या वळणाचा माणूस आहे." म्हणून केंद्रातल्या टेबलावर, रक्ताच्या नळ्या बाजूला सारून लिहिते आहे.

कामाचं आधी सांगते. आमच्या आरोग्य केंद्रात तापाच्या साठ रोग्यांची एक तुलना चालू झाली आहे. प्रत्येकाच्या बोटाचं रक्त तीन वाटांनी जाणार. एक थेंब कार्डावर. वीस मिनिटांत रेघ उमटते. एक रेघ म्हणजे हिवताप नाही, दोन म्हणजे आहे. दुसरा थेंब काचेवर. ती रंगवायची आणि मायक्रोस्कोपखाली मी जंतू शोधायचे, जे तुम्ही एकतीस वर्षं केलंत. तिसरा थेंब टिपकागदावर वाळवून शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत. तिथलं यंत्र जंतूचा कणभर अंशही हुडकून काढतं, म्हणून त्याचा निकाल शेवटचा धरायचा. फक्त तो यायला दीड महिना लागतो.

आता यात माझं काय अडलंय ते ऐका. कार्ड तर आशाताईही करू शकते. मग काच कशाला आणि काच बघणारी पोरगी कशाला, असं वरून विचारणं झालं आहे. काच कार्डापुढं हरली तर मायक्रोस्कोप कपाटात जाईल आणि मी घरी. माझी कंत्राटाची मुदत नोव्हेंबरात संपते. आणि खरं सांगू? माझी नजर अजून कच्ची आहे.

नियम असा की प्रत्येक काच दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे वाचायची आणि निकाल सही करून कागदावर द्यायचा. आमच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमनी विचारलं, आहे का कुणी जुना जाणता? मी लगेच तुमचं नाव सांगितलं. प्रत्येक रोग्याच्या दोन काचा करते, एक माझ्याकडं, एक तुम्हाला. नाव नाही, फक्त नंबर. तुमच्या गावचे त्रिंबक कंडक्टर दर तीन दिवसांनी घरी येतात, ते पेटी आणून देतील. पहिल्या दहा पाठवते आहे.

तुमची,
धनू

———

चकलांबा,
६ सप्टेंबर

चि. धनश्रीस,

आशीर्वाद, तेही उभ्याउभ्याच. फोन मी उचलत नाही कारण फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. पत्र कसं, पुराव्याला राहतं.

तुझ्या मॅडमना सांग, माणूस योग्य निवडलात. या डोळ्यांनी मी अर्धा गेवराई तालुका तपासला आहे. साथ असली की दिवसाला ऐंशी काचा, आणि वर साहेब म्हणायचे, बबनराव, अजून वीस होतील का? भंगाराच्या लिलावातून घेतलेला माझा मायक्रोस्कोप खिडकीत मांडला आहे. आरशाचा आहे, त्याला वीज लागत नाही, चकलांब्याचं ऊन पुरतं. तुझी मामी शेजारी बसून वाती वळते आणि नाही नाही ते विचारते.

माझ्या दोन अटी. एक, यापुढं जाड काळ्या पेनानं, बोटाएवढं अक्षर काढून लिहायचं. तुझं अक्षर म्हणजे गुळाला लागलेल्या मुंग्या. दोन, काचेवरचे नंबरही तसेच ठळक काढायचे. शिस्त म्हणून सांगतोय, दुसरं काही नाही.

आता निकाल. चार नंबर: आहे. खड्याच्या अंगठ्या, खडा लाल, घेर निळा. काही घेर पसरलेत, चहात भिजलेल्या भाकरीच्या कुटक्यासारखे. सात नंबर: आहे. एका जागी एक काळपट, फुटाण्याएवढा थोराड, त्याच्याजवळ दोन कोवळे. बाकी आठ स्वच्छ.

एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेव. जे दिसलं तेच लिहायचं. जे दिसलं नाही ते मोठ्या साहेबानं सांगितलं तरी लिहायचं नाही. या खात्यात बाकी सगळं चालतं, एवढं एक चालत नाही.

तुझा मामा,
बबनराव

———

१० सप्टेंबर

ती. मामा,

हे बघा, बोटाएवढं अक्षर. एका पानावर नऊ ओळी मावल्या. केंद्रातले सगळे जाड पेन तुमच्यावर संपणार आहेत. आणि शिस्तीचं म्हणाल तर तुमच्या पत्राच्या ओळी नवख्या बैलानं ओढलेल्या नांगराच्या तासासारख्या तिरक्या गेल्या आहेत!

पण निकाल मात्र बरोबर. चार आणि सात मलाही दिसले. ते भाकरीचे कुटके वाचून मॅडम इतक्या हसल्या, म्हणाल्या हे पुस्तकात घालायला पाहिजे. तुम्ही असं कधीपासून लिहायला लागलात? तुमच्या जुन्या वह्या मी पाहिल्यात, तिथं नुसतं "आहे" आणि "नाही".

इथं कार्डाची चलती आहे. लोकांना कार्ड आवडतं, कारण ते समोर दिसतं. काचेचं काय, आतल्या खोलीतली पोरगी सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. परवा आमचे सुंदरराव पुढारी ताप नसताना आले, अख्ख्या घराची कार्डं करा म्हणाले. नियमात बसत नाही म्हटलं तर बाकावरून हलेनात. शेवटी मॅडमनी एकट्यांचं केलं. वीस मिनिटं कार्डाकडं निकालाच्या दिवशी बसतात तसे बसून होते. एकच रेघ आली तशी टाळी वाजवून म्हणाले, "एकच? मंजी बिनविरोध!"

पण कार्डाला नावं ठेवायची नाहीत. चतुराबाई म्हणून पोटुशी बाई लांबच्या वस्तीवर तापानं पडली होती. तिथं वीज नाही, मायक्रोस्कोप नाही. आशाताईनं कार्ड केलं, दोन रेघा आल्या, त्याच दिवशी औषध चालू झालं. काच रंगवून येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता.

नऊ नंबरचं कोडं मात्र सुटत नाही. कार्डावर दोन रेघा, आणि काच तुमच्याकडंही स्वच्छ, माझ्याकडंही. खरं कोण?

अकरा ते वीस पाठवते. यात एक मेंढपाळ आहे. दिवसाआड भर उन्हात घोंगडी पांघरून कुडकुडतो. दोनदा कार्ड केलं, दोन्ही वेळा एकच रेघ. त्याचा नंबर सांगत नाही, नियम आहे. पण लक्ष देऊन बघा.

धनू

———

चकलांबा,
१५ सप्टेंबर

चि. धनू,

तिरक्या ओळींचा दोष पेनाचा आहे.

नऊ नंबरच्या माणसाला विचार, पंधरा-वीस दिवसांपूर्वी हिवतापाच्या गोळ्या खाल्ल्यास का? खाल्ल्या असणार. अगं, पाहुणे जेवून गेले तरी पत्रावळी अंगणात पडून असतात ना? कार्ड पत्रावळी बघून म्हणतं, पाहुणे आहेत. काच पाहुण्यांची तोंडं बघते. त्या माणसाचा आताचा ताप दुसऱ्या कशाचा तरी आहे, तो शोधा म्हणावं मॅडमना.

उलटंही असतं. पाहुणा एकटाच आला आणि कोपऱ्यात गुपचूप बसला तर कार्डाला पत्ता लागत नाही. तिथं डोळाच लागतो. म्हणून काच कपाटात जाणार नाही, तू निर्धास्त राहा.

अकरा ते वीस पाहिल्या. चौदा नंबर: आहे. बाकी सगळ्या स्वच्छ. सतरा नंबरच्या काचेवर कडेला रंगाची घाण बसली आहे. रंग गाळून घेत जा, असल्या घाणीला कुणी अडाणी माणूस जंतू समजेल. यावरून घरात उगीच वादावादी झाली. असो.

बबनराव

———

चकलांबा स्टँड,
१६ सप्टेंबर

धने,

मी छबुमामी बोलतेय, त्रिंबक कंडक्टर लिव्हतोय. गाडी धा मिनटं थांबती, तेवड्यात सांगते. मामाला यातलं कायबी म्हाईत न्हाई.

धने, तुज्या मामाला दिसंना झालंय. दोन सालं झाली. मोतीबिंदू हाय, दोनी डोळ्यात. डाक्टरनं कापा म्हनून सांगितलं तर म्हन्त्यात, माज्या डोळ्याला कुनाचा हात लागू देनार न्हाई. फोनवरची अक्षरं बी दिसत न्हाईत, म्हनून उचलत न्हाईत. तू कावून फोन करतीस म्हनून माज्यावरच खेकसत्यात.

काचा मी बगते. ह्ये नळीपशी बसत्यात, तेल लावत्यात, फिरवत्यात, आन म्हन्त्यात, सांग काय दिसतंय. मी सांगते अंगठी हाय, कुटका हाय, फुटाना हाय. ह्ये लिव्हत्यात. मला शाळा न्हाई, पर आमी मेंढरातली मानसं. माजा बा कदी मेंढरं मोजीत नव्हता. नुसता बगायचा, आन म्हनायचा, आज कायतरी येगळं हाय. बगावं तर पाचशे मेंढरात एक पाय वडीत असायचं. काचंत बी तसंच हाय. समदं लाल लाल कळप, त्यात एक येगळं.

आता ऐक. सतरा नंबरात हाय. कडंला, जितं थर पातळ झालाय तितं, दोन अंगठ्या हायत, खड्यावाल्या. मी तीनदा सांगितलं. ह्ये म्हन्ले, घान हाय ती, तुला काय कळतंय. आन न्हाई म्हनून लिवलं. तू पत्रात मेंढराचं मानूस कुडकुडतंय म्हनलीस. त्ये सतरा नंबरच असंल गं. त्येला बग. मामाला सांगू नगंस, लई मानी हायत.

छबुमामी

(वहिनी बोलल्या तसं लिहिलंय. एक शब्द माझा नाही. गाडी सुटायलीय. त्रिंबक.)

———

१९ सप्टेंबर

ती. मामा,

हे पत्र सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिते आहे, आणि का ते तुम्हाला कळेल.

सतरा नंबरची काच मी पुन्हा काढली. पहिल्या खेपेला शंभर जागा बघून "नाही" लिहिलं होतं. या वेळी जेवायला उठले नाही. सव्वादोन तास लागले. कडेला, थर विरळ होतो तिथं एक अंगठी सापडली. मग दुसरी. घाईत काच सरकली आणि त्या पुन्हा शोधायला पाच मिनिटं गेली. मॅडमना बोलावून दाखवली.

तो मेंढपाळच होता. मॅडम आणि मी तळावर गेलो तेव्हा तापात होता. त्याची बायको म्हणाली, "कार्डात न्हाई म्हनलं, मंजी अंगात काम चोरायची सवय आली." त्याला औषध चालू केलं. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, पण हा जंतू काळजात, म्हणजे यकृतात, दडून बसतो आणि महिन्यांनी परत उठतो. म्हणून आणखी चौदा दिवस रोज एक गोळी. ती चुकवली तर सगळं मुसळ केरात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता दुसरं. मला कुणी सांगितलं ते तुम्ही ओळखलं असेल. मामीवर रागावू नका, रागवायचं तर माझ्यावर रागवा. कारण तिनं सांगू नको म्हटलं होतं आणि मी सांगते आहे. तुम्हालाही आणि मॅडमनाही. मॅडमनी रजिस्टरात "दुसरा वाचक, बबनराव" लिहिलेल्या वीसच्या वीस नोंदींवर लाल रेघ मारली. आता दुसरं माणूस शोधताहेत. मला फार वाईट वाटलं. पण तुम्हीच लिहिलं होतं, जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. तुम्हाला सतरा नंबर दिसला नव्हता, मामा. घाणही दिसली नव्हती.

मला तुमचा राग आला नाही असं नाही. आला. एका माणसाचा जीव होता. पण त्याहून मोठं हे की दोन वर्षं तुम्ही धुक्यात बसून आहात आणि तुम्ही फोन उचलत नाही म्हणून मी रुसून बसले. डोळे दाखवा. मी सोबत येते.

धनू

———

२८ ऑक्टोबर

ती. मामा,

महिना उलटून गेला. त्रिंबककाकांनी पेटी रिकामी परत आणली, चिठ्ठीसुद्धा नाही. विचारलं तर म्हणाले, "मामा घरात न्हाईत," आणि तिकिटं फाडायला लागले. आईचाही फोन कुणी उचलत नाही. तुम्ही बोलत नसाल तर नका बोलू, मी लिहीत राहणार.

शहरातून निकाल आला. साठांपैकी बारांना हिवताप. कार्डानं नऊ पकडले. माझ्या काचेनं अकरा. एकाचे जंतू इतके थोडे की फक्त यंत्रालाच सापडले. कार्डानं नऊ नंबरला उगाच "आहे" म्हटलं होतं. त्यानं खरंच आधी गोळ्या खाल्ल्या होत्या, तुमच्या पत्रावळी बरोबर निघाल्या. आणि सतरा नंबर: आहे! यंत्र म्हणालं, आहे. मी केंद्रात उडी मारली, तर चाचणीसाठी आलेली आजी दचकून उठून गेली.

मॅडमनी वर लिहून पाठवलं, वस्तीवर कार्ड, केंद्रात काच, दोन्ही हवेत, एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. वरून मान्य झालं. मायक्रोस्कोप टेबलावरच राहिला आणि मला वर्षाची मुदत मिळाली.

तरी मन रमत नाही. औषधाच्या सहाव्याच दिवशी मेंढ्यांचा तळ उठला. उरलेल्या गोळ्या मी मेंढपाळाच्या हातात मोजून दिल्या. त्यानं त्या फेट्यात खोवल्या. पुढं कुठं गेला, गोळ्या घेतल्या की नाही, काही कळलं नाही. गोदावरीच्या अंगाला गेले असं कुणी म्हणतं. निकालाच्या कागदावर सतरा नंबरसमोर मी बरोबर ठरले, पण तो माणूस बरा झाला का, ते कुठलंच यंत्र सांगत नाही.

मामीला सांगा, त्या दोन अंगठ्या मला रोज आठवतात.

धनू

———

चकलांबा,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. धनू,

या पत्राच्या ओळी पट्टी लावून बघ. एकही तिरकी नाही. आणि बारीक अक्षरात लिही आता, पेनं संपवू नकोस.

तुझं सप्टेंबरचं पत्र मी खिडकीत धरून, एकेक अक्षर लावत वाचलं. आधी संतापलो. मामीशी तीन दिवस बोललो नाही. तिला ते बरंच वाटलं असावं, निवांत वाती वळत होती. चौथ्या दिवशी रात्रीची भाकरी ताटात वाढली, तर मी हात घातला तो पाण्याच्या तांब्यात. ती हसली नाही. हसली असती तर मी आणखी चार दिवस ओढले असते. सकाळी उठून म्हणालो, चल बीडला. पहिला डोळा झाला, मग दुसरा. त्रिंबकला तोंड बंद ठेव म्हणून मीच सांगितलं होतं. दिसेल का नाही याची खात्री नव्हती, आणि दुसऱ्याला सांगून पत्र लिहून घ्यायची लाज वाटत होती.

पट्टी सुटल्यावर घरी आलो आणि पहिल्यांदा सतरा नंबरची काच लावली. कडेला गेलो. दोन अंगठ्या, धनू. दुकानात मांडल्यासारख्या. शिकाऊ पोरानं ओळखाव्यात.

मग मामीनं फडताळातून एक वही काढून दिली. मला माहीतच नव्हतं. मी लिहीत होतो तेव्हा तीही पेन्सिलनं लिहीत होती. अक्षरं येत नाहीत, म्हणून प्रत्येक काचेसाठी चित्र. चार नंबरला कुटके. सात नंबरला फुटाणा आणि दोन अंगठ्या. सतराच्या पानावर दोन अंगठ्या, अगदी कडेला, जिथं आहेत तिथंच. वीसच्या वीस पानं मी काचांशी ताडून पाहिली. एक चूक नाही. धनू, मी एकतीस वर्षं हे काम केलं आणि एका काचेवर, न बघता, बघणाऱ्याला अडाणी म्हणालो. त्या माणसाला काही झालं असतं तर हे नवे डोळे मी कुठं ठेवले असते? तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बास आता, च्या घ्या."

तुझ्या मॅडमनी लाल रेघ मारली ते योग्यच केलं, ती खोडू नका. फक्त एवढं विचार, रजिस्टरात शेवटी एक टीप घालता येईल का, की या वीस काचा प्रत्यक्षात छबुबाईंनी पाहिल्या होत्या. नाही म्हणाल्या तरी चालेल. पण विचार.

आता तिला काही सांगायचं आहे. ती बोलते तसं लिहितो आहे, आणि मध्ये तोंड घालणार नाही.

"धने, आमच्या शिवारात पंदरा दिसामागं मेंढरं उतरलीत. येळूच्या बेटाच्या कडंला. मी गेलते. कळप बगितला, मोठा हाय, दोन मेंढरं खोकत्यात ते त्येंना सांगितलं. मग इचारलं, नांदूरघाटाकडून आलाव का? तिकडं कुनाला ताप आलता? एक नाथा म्हनून गडी पुढं आला. म्या म्हनलं, तू सतरा नंबर का? त्येला काय समजंना. त्याची बायकू हसाया लागली. म्हनलं, गोळ्या खाल्ल्यास का समद्या? आमच्या लोकांचं मला ठावं हाय, बरं वाटलं की गोळ्या मेंढरामागं सांडत्यात. त्येनं फेटा सोडला. रिकामी पाकिटं बांदून ठिवलीती, नर्सबाई परत मागंल म्हनून. एक बी गोळी ऱ्हायली न्हाई. मग बसून त्येला भाकरी खाताना बगितलं. तीन खाल्ल्या.

काळजी करू नगंस. सतरा नंबर बरा हाय. म्या बगितलाय."

खालची सही तिची आहे. आठ दिवस गिरवत होती.

छबुबाई